टच गेलेल्या फोनमधून आजीची रेकॉर्डिंग्ज लॅपटॉपवर कशी घेऊ?

मिठागर
नमस्कार. मी शिरोड्याची, तालुका वेंगुर्ले. गेली दोन वर्षं आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करते आहे. फुगडीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, रात्रीच्या गजाली, आणि तिच्या वडिलांनी पाहिलेला १९३० चा आमच्या गावचा मिठाचा सत्याग्रह. आजी आता ८६ वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून गाणं अर्ध्यावर आलं की पुढचे शब्द तिला आठवत नाहीत. म्हणजे जे रेकॉर्ड झालं तेवढंच उरलं.

परवा वेंगुर्ल्याच्या बंदरावर फोन हातातून सुटून काँक्रीटवर आपटला. चित्र स्वच्छ दिसतं, पण टच पूर्ण गेला. बोट लावलं की लॉक उघडतं, पुढे काहीच दाबता येत नाही. केबलने विंडोजच्या लॅपटॉपला जोडला तर नुसता चार्ज होतो. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, ‘रिसेट मारावं लागेल, आतलं सगळं जाईल.’ मी फोन उचलून घरी आणला. आमच्या वाडीत नेट इतकं कमी की क्लाउडवर कधी काही चढवलंच नाही. कृपया मार्ग सांगा.

रापण
रिसेट अजिबात करू देऊ नका. रेकॉर्डिंग्ज आतल्या मदरबोर्डवरच्या मेमरीत असतात, काचेत नाही. नुसता डिस्प्ले बदलला तर डेटाला धक्का लागत नाही.

आधी एक सांगा: केबल लावल्यावर लॅपटॉप ‘टिंग’ असा आवाज करतो का? साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. पंखा, टॉर्च असल्या वस्तूंबरोबर येणाऱ्या पुष्कळ केबलींत डेटाच्या तारा नसतातच. त्यांनी चार्जिंग होतं आणि माणूस फोनला दोष देत बसतो.

काजूबी
बाये, भिया नको. माझोय फोन असोच झाल्लो. फक्त तो बंद करू नको. परत चालू केल्यार बोट चालणा नाय, आधी पिन मागता.

मिठागर
रापण, आवाज येत नव्हता! केबल पॉवर बँकेसोबत आलेली होती. शेजारच्या दादाची केबल आणली, लगेच टिंग वाजलं आणि फोनचं नाव दिसलं. पण उघडलं तर आत काहीच नाही, कोरी खिडकी.

रापण
अर्धं काम झालं. अँड्रॉइड फोन जोडल्यावर सहसा ‘फक्त चार्जिंग’वर असतो. वरून नोटिफिकेशन ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडेपर्यंत तो लॅपटॉपला आतलं दाखवत नाही. कोणीही फोन कुठेही जोडून फोटो काढून नेऊ नयेत म्हणून ती सोय आहे. तुमच्या बाबतीत बोटच चालत नाही, तेव्हा माउस लावा.

टाइप-सीचं ओटीजी कनेक्टर आणा, त्यात लॅपटॉपचा साधा यूएसबी माउस खोचा आणि फोनला जोडा. स्क्रीनवर बाण दिसेल. (काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं. बाण आला नाही तर आधी डिस्प्ले बदलून घ्यावा लागेल.)

अडचण अशी की फोनला भोक एकच. माउस काढून केबल लावली की तो परत चार्जिंगवर जाणार. म्हणून माउस असतानाच दोन गोष्टी करून ठेवा. स्क्रीन लॉक काढून टाका, कारण लॉक असलेला फोन फाइली देत नाही. लॉक काढलं की पैशांची ॲप्स कुरकुर करतील, काम झाल्यावर परत लावा. मग ‘अबाउट फोन’मध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा क्लिक करा, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन’ शोधून ‘फाइल ट्रान्सफर’ करा. आता माउस काढा, केबल लावा.

मिठागर
बाण आला! कनेक्टर सावंतवाडीहून आणला. पिनही माउसनेच टाकला. फोल्डर दिसताहेत, माझे हात अजून थरथरताहेत. कट करू की कॉपी?

काजूबी
कॉपीच. कट करूचा नाय, मधीच लाईट गेली तर?

रापण
काजूबी बरोबर बोलल्या. लॅपटॉपची बॅटरी भरून घ्या, स्लीप बंद करा, केबलला हात लावू नका. एकदम सगळं न उचलता थोडं थोडं घ्या. ‘रेकॉर्डिंग्ज’, ‘व्हॉइस रेकॉर्डर’ अशा नावांचे फोल्डर बघा. व्हिडिओ ‘डीसीआयएम’मध्ये असतील. आजीचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज असतील तर नव्या अँड्रॉइडमध्ये ते ‘अँड्रॉइड’च्या आत ‘मीडिया’त असतात. शेवटी दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. लॅपटॉपवर ‘तयार केल्याची तारीख’ आजची दिसेल, त्यामुळे कुठलं गाणं कधीचं हे आत्ताच वहीत लिहा.

मिठागर
१८७ फाइली, सहा जीबीच्या आसपास. दोन्हीकडे संख्या जुळली, एक मात्र शून्य आकाराची उतरली होती, ती परत घेतली. नेमकी सत्याग्रहाची. पूर्ण ऐकली. मागे पावसाचा आवाज आहे आणि मध्येच आजी मला चहा ठेवायला सांगते.

वही भरायला घेतली आहे. रात्री आजीला फोटो दाखवून महिने विचारते, कारण तिच्या लेखी ‘गौरी येवच्या आधी’ हीच तारीख. चतुर्थीला काका मुंबईहून येतील, एक पेनड्राइव्ह त्यांच्या हाती देणार. डिस्प्ले त्यानंतरच बदलीन. रापण, काजूबी, तुमचे उपकार आहेत.