वाळवंटात एक रात्र: टायरची हवा आणि दवाची ओल

एकांनी विचारलंय की एकच गाडी घेऊन फॉसिल रॉकला (यूएईत शारजाच्या वाळवंटातला खडकाळ डोंगर) तंबूत एक रात्र काढली तर चालेल का. माझं ऐकाल तर एकट्याने अजिबात जाऊ नका, निदान दोन फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणाऱ्या) गाड्या हव्यातच, कारण एक रुतली की ओढायला दुसरी लागते आणि आत मोबाईलला रेंज असेलच असं नाही.

डांबरी रस्ता सोडायच्या आधीच टायरची हवा कमी करून १५ ते १८ पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आणा, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. रुतलात तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक स्वतःच खड्डा खणतं. खाली उतरून चाकांपुढची-मागची वाळू फावड्याने काढा, हवा अजून थोडी कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू रिव्हर्स घ्या. परत रस्त्याला लागल्यावर हवा भरायला कॉम्प्रेसर हवाच.

आणि थंडी! आमच्या घरचे पहिल्यांदा जानेवारीत नुसत्या चादरी घेऊन आले होते, पहाटे तंबू आतून बाहेरून दवाने चिंब, पोरांचे बूट पिळून काढावेत इतके ओले. पण त्याच ओलीने सकाळी वाळू जरा घट्ट असते, त्यामुळे निघायचं तर लवकर निघा, दुपारी ती भुसभुशीत होते.

लाकडं घरून न्या प्लीज, तिथल्या गाफच्या झाडाला हात लावू नका. गाफ म्हणजे आपली शमीच, दसऱ्याला पूजतो ती.