ओपन कप ब्राची तार काखेत रुतते: माप चुकले की हा प्रकारच असा असतो?

अबोली
मी रोज ३४ सी मापाची पूर्ण कपाची ब्रा वापरते आणि ती मला व्यवस्थित बसते. अलीकडे हौसेने पहिल्यांदाच ओपन कप ब्रा घेतली. तिला खाली तार आणि तारेलगत लेसची जेमतेम दोन बोटे रुंद पट्टी आहे. वरचा सगळा भाग उघडा आहे. कपच नाही तर कपाचे माप कशाला पाहायचे, असे वाटून मी ३४ बी घेतली. तासाभरातच काखेच्या बाजूला तार रुतू लागली, आणि हात वर केला की तार स्तनांवर चढते. यात दोष मापाचा आहे की प्रकाराचा? शिवाय ओपन कप, शेल्फ आणि क्वार्टर कप ही एकाच वस्तूची नावे आहेत का?

मोजपट्टी
दोष मापाचा आहे. बी आणि सी या अक्षरांमुळे केवळ कपाची खोली बदलत नाही, तर तारेच्या कमानीची रुंदीही बदलते. कमान अरुंद पडली की तिचे टोक स्तनाच्या कडेबाहेर न बसता थेट मांसल भागावर येते, आणि तुम्हाला काखेजवळ जे टोचते आहे ते हेच आहे. पूर्ण कपाच्या ब्रामध्ये अशी चूक कपातून बाहेर आलेल्या फुगवट्यामुळे लगेच दिसते. इथे फुगवटा दाखवायला कपच नसल्यामुळे ती केवळ तारेवरून ओळखावी लागते. म्हणून या प्रकारात माप अधिक काटेकोरपणे घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

छातीखालचे माप आणि छातीच्या सर्वांत भरीव भागाचे माप यांतला फरक साधारण १ इंच असेल तर ए, २ इंच असेल तर बी, ३ इंच असेल तर सी, हा प्रचलित हिशेब इथेही लागू होतो, मात्र उत्पादकागणिक थोडाफार फरक पडतो. ब्रा घालताना कमरेतून किंचित पुढे वाका, काखेकडचा भाग हाताने पुढे घेऊन तारेच्या आत बसवा आणि मग सरळ उभ्या राहा. तार स्तनाखालच्या घडीत टेकलेली असावी, आणि मधला जोड छातीच्या हाडावर सपाट बसावा. त्यानंतर खांद्यावरचे दोन्ही पट्टे खाली उतरवून पाहा. ब्रा जागची हलली नाही तर बँड (छातीखालून पाठीमागे जाणारा पट्टा) योग्य आहे, कारण मुख्य आधार बँडच देतो.

नावांविषयी सांगायचे तर शेल्फ आणि क्वार्टर कप ही जवळजवळ एकच वस्तू आहे: कप अगदी आखूड असतो, तो खालून उचलून धरतो आणि स्तनाग्रे उघडी राहतात. ओपन कपमध्ये बहुधा केवळ चौकट असते, त्यामुळे आधार त्याहून कमी मिळतो. फ्रंट ओपन म्हणजे केवळ पुढे हुक असलेली ब्रा. तिचा याच्याशी संबंध नाही.

रेशीमधागा
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक भर घालते. सजावटीच्या ब्रांना अनेकदा हुकांची एकच ओळ असते, त्यामुळे इलॅस्टिक सैलावल्यावर आत घट्ट करायला जागा उरत नाही. शक्य असेल तर हुकांच्या दोन-तीन ओळी असलेली ब्रा निवडा आणि ती नवी असताना सर्वांत बाहेरच्या ओळीवर नीट बसते का ते पाहा. बँड सैल वाटल्यास ३२ डी वापरून पाहता येईल, कारण ३४ सी आणि ३२ डी यांच्या कपाची क्षमता जवळपास सारखीच असते. स्तन जड असतील तर नुसत्या चौकटीपेक्षा शेल्फ प्रकार घ्यावा, असे मी स्वानुभवाने सांगते. चौकटीच्या ब्रामध्ये सगळा भार बारीक पट्ट्यांवर येऊन माझ्या खांद्यांवर वळ उठत असत.

अबोली
दोघींचेही मनापासून आभार. पट्टे उतरवून पाहिले तेव्हा बँड जागेवरच राहिला, परंतु मधला जोड हाडापासून बोटभर वर उचललेला दिसला. ती ब्रा बदलून ३४ सी मापाची शेल्फ ब्रा आणली आणि वाकून, काखेकडचा भाग आत घेऊन घातली. आता तार घडीत बसते आणि हात वर केला तरी सरकत नाही. डावा स्तन किंचित मोठा असल्याने त्या बाजूचा पट्टा थोडा सैल ठेवावा लागला.