मदत हवी आहे: लिनक्स कर्नल ४.१९ चं कॉन्फिग ६.१२ ला लावलं, कर्नल बूट होतो पण मशीन अडखळतंय

लेथवाला_भोसरी

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका जुन्या मिलिंग मशीनचा मूळ कंट्रोलर मेला, तेव्हा ओळखीतल्या एका सरांनी त्यावर लिनक्ससीएनसी (पीसीवरून मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवून दिलं. डेबियन १०, मेसाचं इथरनेट कार्ड (मोटरींना सिग्नल देणारं), आणि आरटी (रिअलटाइम, म्हणजे काम ठरल्या वेळेत व्हावं यासाठीचा) पॅच लावलेला ४.१९ चा कर्नल (लिनक्सचा गाभा), सरांनी स्वतः कंपाइल केलेला. इतकी वर्षं मशीनने कधी कुरकुर केली नाही. सर आता परदेशात असतात. दर वेळी त्यांनाच फोन करायची लाज वाटते, म्हणून इथे विचारतोय.

गेल्या महिन्यात पीसीचा मदरबोर्ड गेला. नवीन बोर्डावर इंटेलचा आय२२६ नेटवर्क पोर्ट आहे आणि ४.१९ ला तो ओळखूच येत नाही. म्हणून डेबियन १३ टाकलं, कर्नल ६.१२ चा सोर्स उतरवला, जुन्या डिस्कच्या बूट फोल्डरातलं कॉन्फिग (कर्नलचे कोणते पर्याय चालू, कोणते बंद, ती फाइल) त्यात डॉट-कॉन्फिग नावाने ठेवलं आणि 'मेक ओल्डकॉन्फिग' दिलं. पहिले तीसेक प्रश्न इमानदारीत वाचून उत्तरं दिली. मग नुसतं एंटर, एंटर. चहा गार झाला तरी प्रश्न संपेनात. शेवटी कंट्रोल-सी मारलं आणि 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' करून मोकळा झालो.

पहिल्या बूटला नेटवर्कच नव्हतं. आय२२६ चा आयजीसी ड्रायव्हर बंद होता. तो चालू करून परत कंपाइल केलं, पोर्ट दिसायला लागला. हवेत कटर फिरवून पाहिला, ठीक. प्रत्यक्ष जॉब लावला तर दहा मिनिटांत 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' आणि अर्ध्यातच थांबलं. ॲल्युमिनियमचा जॉब भंगारात. सायक्लिकटेस्टमध्ये (कामाला किती उशीर होतो ते मोजणारं टूल) जुन्या बोर्डावर कमाल ३५ मायक्रोसेकंद यायचे, इथे १४०० च्या वर जातंय.

युनेमच्या (चालू कर्नलची माहिती देणारी कमांड) आउटपुटमध्ये 'एसएमपी प्रीएम्प्ट_डायनॅमिक' असं येतंय, म्हणजे प्रीएम्प्ट (चालू काम थांबवून महत्त्वाचं आधी करणं) तर चालू आहे. मग बोर्डच खराब आहे का? की कॉन्फिग नीट आलं नाही? बाबा रोज विचारतात, "चालतं मशीन कशाला खोललंस?" मी खोललं नाही, बोर्ड जळला, पण ते ऐकायला कोणी तयार नाही.

एक विनंती: 'जुन्या कर्नलवर परत जा' हा सल्ला देऊ नका. त्यात पोर्टच दिसत नाही.

चिंचवडी_चहा

बायोसमध्ये जाऊन सी-स्टेट्स आणि टर्बो बंद करा. नव्या बोर्डांवर वीज वाचवायच्या नादात प्रोसेसर झोपतो आणि उठायला वेळ लावतो. माझ्या पैजेवर सांगतो, तेच आहे.

लेथवाला_भोसरी

केलं. १४०० चे ११०० झाले. पैज कितीची होती?

पेठेतला_पेंग्विन

बायोस नंतर बघू. आधी एक काम करा. लिनक्ससीएनसी आयकॉनवरून न उघडता टर्मिनलमधून सुरू करा आणि सुरुवातीच्या ओळी वाचा. 'पॉसिक्स रिअलटाइम' लिहिलंय की 'पॉसिक्स नॉन-रिअलटाइम'?

लेथवाला_भोसरी

नॉन-रिअलटाइम!! हे आधी कधी बघितलंच नव्हतं.

पेठेतला_पेंग्विन

मग बोर्डाला दोष देऊ नका. तुमचा कर्नल आरटी नाहीच.

झालं काय ते सांगतो. सरांच्या ४.१९ मध्ये आरटी हा बाहेरून लावलेला पॅच होता आणि त्यातल्या पर्यायाचं नाव होतं कॉन्फिग_प्रीएम्प्ट_आरटी_फुल. पुढे हा पर्याय मूळ कर्नलमध्ये घेतला तेव्हा नाव झालं नुसतं कॉन्फिग_प्रीएम्प्ट_आरटी. ६.१२ पासून, म्हणजे २०२४ च्या शेवटापासून, तो एक्स८६ वर पॅचशिवाय चालतो. जवळजवळ वीस वर्षं बाहेर राहिलेलं काम एकदाचं घरात आलं. पण येताना नाव बदलून आलं.

ओल्डकॉन्फिग जुन्या फाइलमधली नावं नव्या यादीत शोधतं. सापडलं तर तुमचं उत्तर ठेवतं. यादीत नवं नाव असेल तर तुम्हाला विचारतं. आणि जुन्या फाइलमधलं नाव नव्या यादीत नसेल तर निमूटपणे टाकून देतं. ना इशारा, ना चूक. तुमचं '_फुल' असं गेलं. ओल्डडेफकॉन्फिग तर विचारतही नाही, प्रत्येक नव्या पर्यायाला डिफॉल्ट लावून पुढे जातं. आयजीसी बंद राहिला तो त्यामुळेच. तो ड्रायव्हर ४.२० मध्ये आला, सरांच्या फाइलमध्ये त्याचं नाव असणारच कुठून?

आता प्रीएम्प्ट कसं दिसतंय? ४.१९ च्या पॅचमध्ये आरटी निवडलं की ते आपोआप कॉन्फिग_प्रीएम्प्टही चालू करायचं. ती ओळ तुमच्या फाइलमध्ये होती आणि ते नाव अजून जिवंत आहे, म्हणून आलं. पण त्याचा अर्थ डेस्कटॉपसाठीचं लो-लेटन्सी, तुमच्या कामाचं आरटी नव्हे. डोळ्यांत धूळ जाते ती इथे. खरा आरटी कर्नल युनेममध्ये 'प्रीएम्प्ट_आरटी' दाखवतो.

लेथवाला_भोसरी

काका, धन्यवाद. (काकाच आहात ना? लिहिण्यावरून वाटलं.) पण मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू) जनरल सेटअपखाली शोधलं, प्रीएम्प्ट_आरटी दिसतच नाही. सोर्स चुकीचा उतरवला का?

पेठेतला_पेंग्विन

काका चालेल. आजोबा म्हणाला असतात तर उत्तर दिलं नसतं.

सोर्स बरोबर आहे. मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबा आणि प्रीएम्प्ट_आरटी शोधा. 'डिपेंड्स ऑन' ची ओळ येईल, त्यात एक्सपर्ट दिसेल. तुमच्याकडे कॉन्फिग_एक्सपर्ट बंद असणार. जुन्या पॅचला त्याची गरज नव्हती, त्यामुळे सरांनी ते लावलं नसेल. मेन्यू अटी पूर्ण न होणारे पर्याय दाखवत नाही. एक्सपर्ट चालू करा, मग हा दिसेल.

कोथरूडची_कर्नल

थोडं मागे जाते. नुसतं हे एक नाव दुरुस्त करून थांबू नका. ४.१९ ते ६.१२ म्हणजे सहा वर्षांची उडी आहे, अजून काय काय गळलंय ते बघितलंच पाहिजे. ओल्डकॉन्फिग नवं काय ते विचारतं, पण गेलं काय ते तुम्हालाच शोधावं लागतं.

सरांची मूळ फाइल वेगळ्या नावाने सोर्सच्या बाहेर ठेवा. डॉट-कॉन्फिग-डॉट-ओल्डवर (आधीच्या कॉन्फिगची आपोआप ठेवलेली प्रत) विसंबू नका. कॉन्फिग पुन्हा सेव्ह झालं की ती फाइलही बदलते आणि तुम्ही आतापर्यंत चार-पाच वेळा तरी केलं असेल. मग स्क्रिप्ट्स फोल्डरातल्या 'डिफकॉन्फिग'ला जुनी आणि नवी फाइल द्या. वजा चिन्हाच्या ओळी म्हणजे गळालेली नावं, अधिकच्या म्हणजे नवी, आणि बाण असलेल्या ओळींत उत्तर बदललंय. अधिकच्या शेकडो येतील, त्या आत्ता सोडा. वजामध्ये ज्यांची किंमत वाय (चालू) किंवा एम (मॉड्यूल म्हणून चालू) होती तेवढ्याच वाचा. काही पर्याय दुसऱ्यात विलीन झालेत. उदाहरणार्थ आयपीव्ही४ चा वेगळा नॅट पर्याय ५.१ मध्ये मुख्य नॅटमध्ये गेला. काही कायमचे गेलेत, जसे जुने आयडीई ड्रायव्हर, ते ५.१४ मध्ये काढले. असल्यांना रडायचं नाही. पण ज्या नावाशी तुमच्या मशीनचा संबंध आहे ते एकही सोडू नका.

पुढच्या खेपेला 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' आधी चालवा. नव्या नावांची यादी नुसती छापून देतं. चहा गरम असताना वाचून होते.

आणि खरं सांगू? डेबियनचं तयार आरटी कर्नलचं पॅकेज आहे, लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४. तेच का नाही टाकलंत?

लेथवाला_भोसरी

ताई, खरं कारण बावळट आहे. सरांनी रात्री जागून ते कॉन्फिग बनवलं होतं, ते टाकून द्यायचं जिवावर आलं. आणि असं पॅकेज असतं हे माहीत नव्हतं, हेही आहे.

कोथरूडची_कर्नल

बावळट कशाला. पण पॅकेज टाकून ठेवाच, तुमच्याकडे परतीची वाट दुसरी नाही. फक्त डेबियनचं कॉन्फिग घेऊन त्यावर स्वतःचा कर्नल बांधायला जाल तर सिस्टम_ट्रस्टेड_कीज आधी रिकामं करा. त्यात डेबियनच्या सर्टिफिकेटच्या फाइलचा पत्ता असला, तर ती फाइल तुमच्या सोर्समध्ये नसते, आणि मग बिल्ड सर्टिफिकेटपाशी अडकतं. यावर माझा एक अख्खा रविवार गेलाय.

पेठेतला_पेंग्विन

अजून एक. जुन्या डिस्कवरची ग्रबची (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल बघा. कर्नलच्या ओळीत आयसोलसीपीयूज (प्रोसेसरचा एखादा कोअर बाकी कामांपासून वेगळा ठेवणारं) वगैरे काही होतं का? ते कॉन्फिगमध्ये नसतं, त्यामुळे कॉन्फिगबरोबर येतही नाही.

लेथवाला_भोसरी

गुरुवार होता, एमआयडीसी बंद, बाबा घरी. शांतपणे बसलो.

डिफकॉन्फिगमध्ये वजाच्या वाय-एमवाल्या दोनेकशे ओळी निघाल्या. बहुतेक अशा हार्डवेअरच्या, जे आमच्याकडे कधीच नव्हतं. त्यात '_आरटी_फुल वाय' अशी ओळ दिसली तेव्हा स्वतःच्याच कपाळावर हात मारला. एक्सपर्ट चालू केलं, प्रीएम्प्ट_आरटी दिसलं, निवडलं. ग्रबमध्ये खरंच 'आयसोलसीपीयूज=३' होतं, तेही आणलं. डेबियनचं आरटी पॅकेज शेजारी टाकून ठेवलं.

सायक्लिकटेस्टचे आकडे, मायक्रोसेकंदांत: डेबियनच्या आरटी कर्नलवर कमाल ६२. सरांच्या कॉन्फिगवरच्या कर्नलवर, सी-स्टेट्स बंद ठेवून, कमाल ४१. दोन्ही वेळा तीन-तीन तास, वर ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून. लिनक्ससीएनसी आता पॉसिक्स रिअलटाइम म्हणतंय. शुक्रवारी तोच ॲल्युमिनियमचा जॉब लावला, पूर्ण निघाला.

चिंचवडी_चहा

म्हणजे सी-स्टेट्सचं माझंही थोडं बरोबर होतं.

लेथवाला_भोसरी

३०० मायक्रोसेकंदांपुरतं. भोसरीत आलात की कटिंग माझ्याकडून.

सरांची मूळ फाइल, नवं कॉन्फिग आणि ग्रबची ओळ, तिन्ही पेनड्राइव्हवर घेऊन कंट्रोल पॅनलच्या दाराला आतून चिकटवलंय. बाबांनी त्यावर मार्करने लिहिलं, 'हात लावू नये'.