कम्युनियनच्या रांगेत नुसता आशीर्वाद: चालावा की नाही?

वसईची_सून: मी हिंदू, नवरा कॅथलिक. रविवारी सासूबाईंसोबत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते. कम्युनियनला, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली पवित्र भाकर घ्यायला, अख्खा बाक उठतो. मी एकटी गुडघे वळवून लोकांना वाट देत बसायचे. म्हणून नुसता आशीर्वाद हवाय या खुणेने छातीवर हात बांधून रांगेत जाऊ लागले. आधीचे फादर डोक्यावर हात ठेवायचे. नवे फादर म्हणाले, ‘जागेवरच बसा.’ मी ख्रिस्तशरीर मागत नाहीये, मग अडचण कसली?

आगाशीकर: ताई, फादर बरोबर आहेत. ती रांग ख्रिस्तशरीर घ्यायचीच. मिस्साच्या शेवटी आशीर्वाद सगळ्यांना मिळतोच. 2008 साली रोमच्या उपासनाविषयक मंडळाने हेच कळवलं होतं. शिवाय वाटायला फादरांऐवजी एखादे प्रापंचिक काका उभे असले, तर ते कोणत्या अधिकाराने आशीर्वाद देणार?

लंडनचा_वसईकर: ते एका प्रश्नाला दिलेलं खाजगी उत्तर होतं, जगाला लागू असलेला कायदा नव्हे. विषय अजून अभ्यासाखाली आहे, असंही त्यातच लिहिलं होतं. इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या बिशपांनी तर 1998 मध्येच या प्रथेबद्दल चांगलं लिहिलं: पहिलं कम्युनियन न झालेली मुलं आणि कॅथलिक नसलेले लोक यांच्यासाठी. इथे कोणी मान वळवूनही बघत नाही.

आगाशीकर: ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये (कॅथलिकांहून वेगळा, पूर्वेकडचा ख्रिस्ती पंथ) छातीवर हात बांधून येतो तो ख्रिस्तशरीर घेणारा! तिकडचा पाहुणा आला तर फादरांनी काय समजायचं?

जुना_बाक: माझं दुसरं लग्न, पहिलं चर्चने रद्द केलेलं नाही, त्यामुळे मला कम्युनियन नाही. हात बांधून पुढे जाणं म्हणजे गावासमोर पाटी धरणं. मी बसतो. पूर्वी कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून उपास लागायचा. सकाळी चहा घेतलेले बसूनच राहायचे, कोण का बसलंय हे कोणी विचारत नसे. 1964 पासून उपास तासाभराचा झाला, सगळेच उठू लागले, आणि बसलेला माणूस डोळ्यांत यायला लागला. दुखणं तिथलं आहे. आशीर्वादाची मलमपट्टी त्यावर किती पुरणार?

वसईची_सून: दादा, हे पटलं. पण तुम्हाला लपायचंय आणि मला सामील व्हायचंय, त्याचं काय?

आगाशीकर: सामील व्हायला बाक पुरतो, ताई. गाणी म्हणा, शांतीचा नमस्कार करा.

वसईची_सून: ते करतेच. एका रविवारी तुम्ही बसून राहा आणि मागच्या बाकावरच्या मावश्या काय विचारतात ते इथे लिहा.