शून्याचे बटण दाबून धरले की

बी-३०४: संकुलाच्या गटावरील सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या डब्यात माझा जुना नोकिया ६६०० सापडला आहे. उद्या सकाळच्या कचरागाडीत ई-कचरा म्हणून तो देऊन टाकण्याचा विचार आहे. तत्पूर्वी कोणाला हवा असल्यास कळवावे.

ए-१०२: काका, मी धाकटा बोलतो आहे, बाबांच्या फोनवरून. यात इंटरनेट चालत असे का? पडदा तर आगपेटीएवढा दिसतो.

बी-३०४: चालत असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण होते खरे. हा फोन २००३ साली आला आणि मी तो पुढच्या वर्षी आपल्या इंदूरच्या जेल रोडवरून घेतला. पडदा १७६ गुणिले २०८ बिंदूंचा. संगणकासाठी बनवलेले पान त्यात मावत नसल्यामुळे सगळा मजकूर एका अरुंद पट्टीत एकाखाली एक रचला जाई. आधी चाळीस-पन्नास दुवे, मग जाहिरातीची रिकामी चौकट, आणि मधली दांडी खाली दाबून दाबून अंगठा दुखायला लागल्यावर कुठे बातमीचे पहिले वाक्य दिसे. पान मोठे असेल तर मेमरी भरल्याची सूचना येऊन सारे तिथेच थांबे.

पत्ता लिहिणे हा वेगळाच व्यायाम होता. रेल्वे आरक्षणासाठी ‘आयआरसीटीसी’ ही पाच इंग्रजी अक्षरे उमटवायला तेरा वेळा बटणे दाबावी लागत: ‘आय’साठी ४ तीनदा, ‘आर’साठी ७ तीनदा, ‘सी’साठी २ तीनदा, ‘टी’साठी ८ एकदा आणि पुन्हा ‘सी’साठी २ तीनदा. सातवर एक दाब जास्त पडला की ‘आर’चा ‘एस’ होई.

ए-१०२: आणि वेग किती होता?

सी-२०१: याचे उत्तर मी देतो, दूरसंचारातच आयुष्य गेले. आरंभी वॅप, म्हणजे फोनवर साधी पाने पाहण्याची जी पहिली सोय आली, तिच्यात फोन चक्क एक कॉल लावत असे आणि त्या कॉलवरून सेकंदाला ९.६ किलोबिट इतकीच माहिती येई. पैसे मिनिटावर पडत, पान उघडो वा न उघडो. १९९९ च्या नोकिया ७११० वर तर एका खेपेला दीड किलोबाइटही मजकूर मावत नसे. जीपीआरएस, म्हणजे कॉल न लावता डेटा आणणारी सेवा, आल्यावर मिनिटांचा हिशेब गेला आणि किलोबाइटचा आला. कागदावर त्याचा वेग १७१ किलोबिट सांगत, प्रत्यक्षात तीस-चाळीस मिळाले तरी पुष्कळ. कारण असे की टॉवरच्या एका वाहक लहरीवर आठ कप्पे असतात, ते आधी बोलणाऱ्यांना दिले जातात आणि उरलेले डेटाला. संध्याकाळी सात ते दहा सगळे शहर बोलत असे, म्हणून त्या वेळी पान लटकून राही. रात्री अकरानंतर तेच पान झरझर येई. शिवाय कोणाचा फोन आला की डेटा थांबे, आणि बोलणे संपल्यावर अर्धवट पान बहुधा पुन्हा पहिल्यापासून मागवावे लागे.

बी-३०४: आणि त्याचे पैसे पुन्हा पडत, हे आपण सांगायचे राहिलात. माझ्या योजनेत १० किलोबाइटला १० पैसे होते. धाकट्या, तू परवा किल्ल्याचे जे छायाचित्र इथे टाकलेस ते ३ एमबीचे आहे. त्या काळच्या वेगाने ते उतरवून घ्यायला मला सुमारे तेरा मिनिटे आणि एकतीस रुपये लागले असते, आणि मधे सासूबाईंचा फोन आला नाही तरच.

डी-४०३: मला सर्वांत जास्त राग शून्याच्या बटणाचा येत असे. नोकियावर ० दाबून धरले की थेट इंटरनेट उघडे. कळा कुलूपबंद करायच्या राहिल्या आणि फोन पर्समध्ये किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी पडला, की राजवाड्यापासून घरी येईपर्यंत दहा-बारा रुपये आपोआप जात. एकदा पन्नासच्या रिचार्जमधले सतरा रुपये असे गेले. ग्राहक सेवेच्या मुलाने सांगितले, ‘‘मॅडम, सेवा आपणच वापरली आहे.’’ वाद घालण्यात उरलेली शिल्लकही गेली असती, म्हणून मी फोन ठेवला.

ए-१०२: मग मावशी, ते बंद का केले नाही?

डी-४०३: बंद करायला आधी सेटिंग काय आहे ते कळायला हवे ना! कंपनीकडून सेटिंगचा संदेश येई, तो साठवताना पिन विचारी, आणि त्यातही वॅपचे सेटिंग वेगळे, इंटरनेटचे वेगळे. आमच्याकडे शेवटी ह्यांनी मुद्दाम चुकीचे सेटिंग भरून ठेवले, तेव्हा गळती थांबली.

बी-३०४: हा उपाय मला तेव्हा सुचला असता तर! पण वेग आणि पैसा यांपेक्षा मला खरी अडचण वाटे ती मराठीची. आपण इंदूरकर, पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे इथे शिळी होऊन येणार, म्हणून ती फोनवर वाचावीत ही माझी मूळ हौस. पण त्या संकेतस्थळांनी आपापले खास फाँट वापरलेले असत, ते फोनमध्ये नसत, त्यामुळे अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसे. पुढे युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची एकच अक्षरपद्धत, आले, तर काल्याच्या जागी चौकोन आले. फोनला देवनागरी ठाऊकच नव्हती. पैसे मोजून चौकोन वाचणारा बहुधा मी गल्लीत एकटाच असेन.

एफ-१०१: ओपेरा मिनी हे ब्राउझर वापरले नाहीत का? २००६ साली ते जगभर खुले झाले. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर जाई, तिथे दाबून लहान होई आणि मग फोनवर येई. मी त्यावरच दिवस काढले, मात्र बँकेचे काम कधी केले नाही; मधल्या सर्व्हरवर सगळे उलगडले जाते हे माहीत होते.

बी-३०४: त्यानेच सोडवले. भाच्याने युक्ती दाखवली: पत्त्याच्या जागी ‘ओपेरा’, मग एकावर एक दोन टिंबे, मग ‘कॉन्फिग’ असे लिहायचे, आणि जी यादी उघडेल तिच्यातला अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय ‘होय’ करायचा. मग सर्व्हर देवनागरीची चित्रे करून पाठवी. पान जड होई, पैसे थोडे अधिक पडत, पण अक्षर स्पष्ट असे. अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, पाहून रात्री उशिरा घरी आलो आणि अंथरुणात पडून पुण्याच्या विसर्जनाची बातमी या एवढ्याशा पडद्यावर मराठीत वाचली, ते मला आजही आठवते. ‘मिरवणूक’ शब्दातला दीर्घ ऊकार अर्धा कापला गेला होता.

ए-१०२: काका, मग तो कचरागाडीत देऊ नका, मला द्या. चालू होईल का?

सी-२०१: बॅटरी फुगली असेल तर ती आधी काढा. त्याला बीएल-५सी लागते. माझ्या रेडिओत तीच आहे, पाहण्यापुरती देईन. चार्जर जुना जाड पिनचा हवा. सिम टूजी चालवणाऱ्या कंपनीचेच घाल, फक्त फोरजी असलेले त्यात चालणार नाही.

एफ-१०१: जाड पिनचा चार्जर आमच्याकडे आहे. सातनंतर घेऊन जावा.

डी-४०३: आणि सिम घातल्यावर शून्याला हात लावू नकोस.