मदत हवी आहे: डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला, थर्मोने घाम फोडलाय

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून यंदा डायरेक्ट सेकंड इयरला आलोय. लेथवर हात बसलाय, पण थर्मोडायनॅमिक्सची गणितं जमत नाहीत. बंद सिलिंडरला इंटर्नल एनर्जी घ्यायची, टर्बाइनला मात्र एन्थाल्पी. वाफ आत-बाहेर ढकलायला लागणारं काम एन्थाल्पीत धरलेलं असतं, इथवर कळलं. पण पेपरात सिस्टिम ओपन (वाफ आत-बाहेर जाणारी) की क्लोज्ड, इथेच गडबडतो. काल टाकीत वाफ भरायचं गणित होतं, तिथे इंटर्नल एनर्जी आणि एन्थाल्पी दोन्ही लागल्या! स्टीम टेबलमध्ये (वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यात) 10 बार दाबाला पाणी उकळण्याचं तापमान 179.9 अंश लगेच सापडतं, 10.4 बार आलं की इंटरपोलेशनमध्ये (तक्त्यातल्या दोन आकड्यांमधली किंमत काढताना) घोळ.

वर फर्स्ट इयरचं गणित झालेलंच नाही, इंटिग्रेशन कच्चं. आधी ते पक्कं करू की थर्मोची गणितं सोडवत सुटू? डिप्लोमावाल्या दादा-ताईंनी कसं जमवलं, सांगाल का? इनसेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) तीन आठवडे आहेत.