रायगड एका दिवसात, आईचे गुडघे आणि ३००० रुपये, जमेल का?

रानवारा: पुण्याहून चौघं, घरची गाडी. आई ६८ ची, गुडघे कुरकुरतात, पण तिला रायगडच बघायचाय. डिझेल, जेवण, तिकिटं सगळं धरून ३००० च्या वर जायचं नाहीये. रोपवे की पायऱ्या? वर काय चुकवू नये?

गडप्रेमी: रोपवेच, चार-पाच मिनिटांत वर. शनिवार-रविवार टाळा, त्या रांगेत उभं राहूनच गुडघे जातील. वारा सुटला तर बंदपण ठेवतात.

रांगडा_कोल्हापूरकर: रायगड कशाला, पन्हाळ्याला या की! गाडी थेट वर जाते. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, आणि १६६० ला सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं महाराज निसटले तो हाच गड. दोन दिवस मुक्काम टाका, तांबडा-पांढरा ओरपा, सहा-सात हजारात निवांत.

रानवारा: दादा, ३००० म्हटलंय. आणि एकच दिवस.

सह्यवेडी: राजगड करा!! संजीवनी माची बघितली की रायगड विसराल.

गडप्रेमी: ताई, गुडघे...

जुनी_वही: बहुतेक लोक मेघडंबरीपाशी फोटो काढून माघारी फिरतात. जगदीश्वरापर्यंत चाला, महाराजांची समाधी तिथेच आहे, आणि देवळाच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर' कोरलंय. गड बांधणाऱ्याने नाव कुठे कोरलं बघा, पायरीवर! वाटेत बाजारपेठ, जोती इतकी उंच की घोड्यावरूनच खरेदी व्हायची.

पुरावा_द्या: ही गाईड लोकांची कथा. घोड्यावर बसून मीठ-मिरची घ्यायचे का? कागद दाखवा.

जुनी_वही: आधी गड चढा, मग कागद मागा.

चिडका_बिब्बा: आम्ही भर पावसात गेलो, धुक्यात नगारखानासुद्धा दिसला नाही, भजी गार, येताना ताम्हिणीत ट्रॅफिक. रोपवेच घ्या, आणि वीकडेला.

गडप्रेमी: तेच वर लिहिलंय.

माणगावकर: गडाच्या पायथ्याला पाचाडला थांबा, जिजाऊंची समाधी आहे, आईंना चढावं लागणार नाही. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा आणि जिजाऊ वारल्या त्याच वर्षी १७ जूनला. लोक गाडी न थांबवता पुढे जातात.

रानवारा: सगळ्यांचे आभार, धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणते, "महाराजांच्या गडावर पाळण्यात बसून जाऊ होय?" तर पायऱ्यांनीच, येत्या रविवारी, भावाला सुट्टी तेव्हाच आहे. डबे घरचे. पाचाड नक्की करतोय.

गडप्रेमी: रविवारी?? १४०० च्या वर पायऱ्या आहेत हो! मग धागा काढला कशाला?

रांगडा_कोल्हापूरकर: पन्हाळा अजून आहे हं.